आम्ही, आपण आणि आवाम्

बडोद्याच्या आमच्या मराठी शाळेत चार भाषा चार वेगळ्या तासांना यायच्या आणि त्यांची एकमेकींशी गाठ सहसा पडत नसे. संस्कृतच्या बाईंनी ती घालून दिली. आठवीत ‘गम्’ (जाणे) हा धातू चालवताना त्यांनी फळ्यावर चार रकाने आखले: संस्कृत, मराठी, गुजराती, हिंदी. पुढे मी भाषाविज्ञानाकडे वळले ती त्या तक्त्यामुळे, म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याच्याबद्दलच लिहिते.

संस्कृतात तीन पुरुष, तीन वचनं, नऊ रूपं. गच्छामि, गच्छावः, गच्छामः. ‘आम्ही दोघं’ यासाठी वेगळं सर्वनाम ‘आवाम्’ आणि वेगळं क्रियापदही! बाकीच्या रकान्यांत मधली जागा कोरी. प्राकृतांतच द्विवचन गळालं होतं. बाराव्या शतकात पाटणच्या हेमचंद्राचार्यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात ‘द्विवचनस्य बहुवचनम्’ एवढ्याच सूत्रात ते नोंदवलं. पाटण जुन्या बडोदा संस्थानातलं, त्यामुळे हेमचंद्र आम्हाला घरचेच वाटले.

खरी रंगत आली अनेकवचनात. गुजरातीत ‘अमे सुरसागर जईए छीए’ (आम्ही सुरसागर तलावावर जातो) म्हटलं, तर ऐकणारा त्यात नाही. ‘आपणे जईए छीए’ म्हटलं की तोही निघाला. आपलं आम्ही-आपण अगदी तसंच. संस्कृतच्या ‘वयम्’मध्ये किंवा हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. तमिळमध्ये मात्र नांगळ आणि नाम, तेलुगूत मेमु आणि मनमु. मराठी-गुजरातीचं कूळ संस्कृतचं आणि ही खोड दक्षिणेकडच्या भाषांसारखी! अभ्यासक तिचा संबंध द्राविड शेजाराशी जोडतात, हे मला फार पुढे वाचायला मिळालं. त्या दिवशी नुसतं नवल वाटलं होतं.

लिंगाचंही तसंच. मी ‘जाते’, बाकावरचा मुलगा ‘जातो’. गुजरातीत दोघंही ‘हुं जाउं छुं’. पण भूतकाळात ‘हुं गई’ आणि ‘हुं गयो’, म्हणजे फरक परत हजर. मराठीच्या अनेकवचनात तो मिटतो: मुली असोत की मुलगे, ‘आम्ही जातो’. व्याकरण असं शेजारी शेजारी मांडूनच शिकवायला हवं, हे माझं ठाम मत आहे. सुटं सुटं ते नुसतं पाठांतर होतं.

इंग्रजीचा रकाना मी घरी वहीत जोडला. सगळीकडे ‘गो’, फक्त तृतीय पुरुषी एकवचनात ‘गोज’. त्यामुळे तिथे कोण जातं ते सांगायला कर्ता लागतोच. मराठीत नुसतं ‘जातेस?’ विचारलं, तरी समोर एकच जण आहे, तिला अगं-तुगं करता येतं आणि ती मुलगी आहे, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं.