जॉबकार्डावर सगळे अकुशल

ग्रामपंचायतीच्या दप्तरात 33 नमुने, म्हणजे ठरलेल्या नोंदवह्या असतात. 8 नंबरला घरांची कर आकारणी, 23 ला रस्ते, 24 ला जमिनी, 33 ला झाडं. गावातलं कोणतं आंब्याचं झाड कुठे उभं आहे, हे मी कागद बघून सांगू शकतो. त्या आंब्याला कलम बांधणारी बाई कोणत्या घरात राहते, हे सांगणारा नमुना मात्र नाही. रोजगार हमीच्या जॉबकार्डावर घरातल्या मोठ्या माणसांची नावं असतात, वय असतं, बँक खातं असतं. त्यांना काय येतं, हे कुणी विचारलेलं नसतं. मागणी आली की काम निघतं ते खोदायचं आणि उचलून टाकायचं. त्या कामावर सगळे अकुशल.

मी शहापूर तालुक्यात ग्रामसेवक (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आहे. ठाणे जिल्ह्यातला हा पूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून इथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा लागू आहे. तानसा धरण 1892 साली याच तालुक्यात उभं राहिलं. भातसाही इथलंच, आणि मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तरी मार्च सरत आला की आमच्या पाड्यांवर टँकर लागतो. पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर कोसळतो. पण खाली काळा कातळ, वर वीतभर माती आणि जमिनीला उतार. पडलं ते वाहून जातं. म्हणून ओढ्यावरचा एखादा साधा बंधारा शाबूत असणं, नसणं यावर इथे महिना-दोन महिन्यांचं पाणी ठरतं.

आमच्या गावात असा एक सिमेंट बंधारा आहे. बरीच वर्षं झाली बांधून. पावसाळ्यात भरतो आणि डिसेंबरात रिकामा होतो. त्याच्या खालच्या अंगाला सार्वजनिक विहीर आहे, तीही त्याच्यामागून आटते. भिंतीच्या मधोमध एक उभी भेग दिसते आणि पाणी तिथूनच जातं असं सगळे धरून चालले होते. एका ठेकेदाराने बघून सांगितलं होतं की हे दुरुस्तीच्या पलीकडचं आहे, फोडून नवीनच बांधायला हवं. त्याने सांगितलेला खर्च काही लाखांत होता. तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा साठ टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे राखून ठेवलेला असायचा, पण आमच्यासारख्या लहान ग्रामपंचायतीत तो सगळा ओतला तरी हे काम झालं नसतं.

2023 च्या ऑक्टोबरची गोष्ट. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा करायचा होता. ग्रामसभा दुपारी होती, त्याआधी सकाळी शिवारफेरी ठेवली होती. सरपंचताई, ग्रामरोजगार सेवक, बचतगटाच्या बायका, काही म्हातारी माणसं आणि शाळेला सुट्टी म्हणून पोरं. शिवारफेरी म्हणजे फोटोपुरतं चालणं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. आमच्या सरपंचताईंना ते चालत नाही. प्रत्येक जागी थांबून त्या विचारतात, "इथं काय अडतंय?"

बंधाऱ्यापाशी मी ठेकेदाराचं म्हणणं वाचून दाखवलं. तेव्हा मागे उभा असलेला ठाकरवाडीतला एक जण पुढे आला. पस्तिशीतला असेल. आसनगावहून लोकलने ठाण्याला जातो, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं. घट बसायच्या आधी घराची रंगसफेदी करायला म्हणून तो सुट्टीवर होता.

"भाऊसाहेब, भिंत फोडायच्या आधी पाणी कुठून निघतं ते तरी बघा," तो म्हणाला.

"भेग दिसतेच आहे की," रोजगार सेवक म्हणाला.

"दिसते ती भेग. पाणी दुसरीकडूनच जात असतं. घोडबंदरच्या बिल्डिंगांमध्ये हेच काम करतो मी. वॉटरप्रूफिंग. गच्चीवर पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन बघायचं. वर जिथं तडा असतो तिथं खाली ओल नसते. ओल निघते लांब, बाथरूमच्या कोपऱ्यात."

त्याने एका पोराला घरी पिटाळून भिंतींना लावायला आणलेला गेरू मागवला. बादलीत घट्ट कालवला आणि पाण्यात उतरून भेगेच्या अगदी तोंडाशी ओतला. आम्ही खालच्या बाजूला उभे. भेगेतून पाझरत होतं ते थोडं लालसर झालं, पण तेवढंच, बोटाएवढी धार. बाकीचा गेरू तिथेच तळाला बसला. मग तो डाव्या काठाकडे गेला, जिथे भिंत मातीत घुसते. तिथे दुसरी बादली रिकामी केली. थोड्या वेळाने पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. भिंतीपासून चांगलं लांब, करवंदीच्या जाळीखालून लाल पाणी भळाभळा येत होतं.

बंधारा भेगेतून फारसा गळत नव्हता. पाणी त्याला वळसा घालून जात होतं. भिंतीचं टोक काठाच्या पक्क्या जमिनीत पुरेसं आत नेलेलं नव्हतं. तिथली भुसभुशीत माती दर पावसाळ्यात थोडी थोडी धुऊन गेली आणि आतून वाट तयार झाली. नवी भिंत बांधली असती तरी पाणी त्याच वाटेने गेलं असतं.

मी तिथूनच जिल्हा परिषदेच्या शाखा अभियंत्यांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन आला आणि आधी त्यांनी विचारलं ते हेच, की गेरू टाकायचं कुणाला सुचलं. मग म्हणाले, काठात चर खणून चिकणमातीने ठासून भरावा लागेल, भेगेत सिमेंटचं ग्राउटिंग, म्हणजे पातळ सिमेंट दाबाने भरणं, करावं लागेल, भिंत पाडायची गरज दिसत नाही. येऊन मोजमाप घेतो.

चिकणमाती म्हटल्यावर मी काठावरच्याच मातीकडे बोट दाखवलं. तेव्हा कातकरवाडीतली एक बाई खाली वाकली, मूठभर माती घेतली, थुंकी लावून बोटांत मळली आणि टाकून दिली. "हिच्यात मुरूम हाय. वाळली का फाटंल. तळ्याखालच्या वावरातली आना, ती लोण्यावानी मळते." ती आणि तिचा नवरा दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात. माती मळायची, साच्यात थापायची, पहाटेपासून. कोणती माती वाळताना तडकते आणि कोणती नाही, हे ज्याच्या विटा मोडल्या की मजुरी कापली जाते त्याला कळणारच. अभियंत्यांनी नंतर ती माती तपासली आणि तीच वापरली.

दुपारची ग्रामसभा त्यामुळे वेगळ्याच विषयावर रंगली. सरपंचताईंनी उठून सांगितलं की आराखड्यात विहिरी, रस्ते, गटारं लिहायच्या आधी गावात कुणाला काय येतं ते लिहायचं. मी कोरी वही उघडली.

सुरुवातीला कुणी बोलेना. मग शेजारी शेजाऱ्याचं सांगू लागले. एक जण उल्हासनगरात मोटारी वाइंडिंग करतो. आमच्या पाणीयोजनेची मोटार जळली की आम्ही ती टेम्पोत घालून बाहेर पाठवतो आणि गाव तेवढे दिवस कोरडं राहतं. दोन तरुण अंबरनाथच्या कारखान्यात वेल्डिंग करतात. एक मुलगी आयटीआय करून घरी बसली आहे, तिला नळजोडणीचं सगळं काम येतं. भट्टी रचणारे चौघे निघाले; कच्च्या विटा अशा लावायच्या की आच सगळीकडे सारखी पोचेल, हे थोड्या लोकांना जमतं. आणि एक बाई, तिच्या नावापुढे आमच्याकडे घरकाम असं लिहिलेलं होतं. ती कित्येक पावसाळे एका खाजगी रोपवाटिकेत कोय कलमं बांधत आली आहे. दिवसाला किती बांधतेस, असं ताईंनी विचारलं तर म्हणाली, "मोजत नाही, पन माजी मरत नाहीत."

मला राहवत नाही म्हणून लिहितो. गावासाठी प्रशिक्षणं येतात ती बाहेर ठरून येतात. शिवणकाम, मेणबत्ती, लोणची. वाईट नाहीत. पण कुठलंही प्रशिक्षण उघडताना, इथे आधीच काय येतं असं विचारलेलं मी पाहिलेलं नाही. ज्यांनी शहरात जाऊन, उन्हातान्हात, शिव्या खाऊन हात तयार केला, त्यांचं शिक्षण आपण धरतच नाही.

ग्रामसभेत एकाने हरकतही घेतली आणि ती रास्त होती. गावातल्याच माणसाने दुरुस्ती केली आणि पुढच्या पुरात वाहून गेली तर जबाबदार कोण? मी सांगितलं की अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी आणि एमबी (झालेल्या कामाच्या मोजमापाची वही) अभियंत्यांचीच राहील. हात फक्त गावातले असतील. त्यावर ठराव झाला.

पैशाची मांडणी सोपी नव्हती. रोजगार हमीत तेव्हा किमान साठ टक्के खर्च अकुशल मजुरीवर व्हावा लागायचा. कुशल माणसाची मजुरी उरलेल्या चाळीस टक्क्यांत, सिमेंट-खडीबरोबर बसायची. ती मिळायलाही उशीर व्हायचा. त्या वर्षी अकुशल मजुरीचा दर दिवसाला 273 रुपये होता. वॉटरप्रूफिंगवाल्याला ठाण्यात त्याच्या कितीतरी पट हजेरी मिळते. त्याने फुकट करावं असं काही जण म्हणाले, गावाचं काम आहे म्हणून. मला ते अजिबात पटलं नाही. ज्याला येतं त्यानेच श्रमदान करायचं आणि बाहेरच्याला मात्र बिल द्यायचं, ही कुठली रीत? शेवटी आम्ही अभिसरणातून, म्हणजे दोन योजनांचा पैसा एकाच कामात जोडून वाट काढली. चर खणणं आणि माती भरणं रोजगार हमीतून, ग्राउटिंगचं साहित्य आणि त्याची मजुरी बंधित निधीतून, दरसूचीप्रमाणे. त्याला ठाण्याएवढी मिळाली नाही, पण कुशल कारागीर म्हणून मिळाली.

कातकरवाडीतल्या माणसांनी नमुना 4 भरून कामाची मागणी केली आणि दिवाळीच्या आत मस्टर, म्हणजे कामाचा हजेरीपट निघाला. मी मुद्दाम घाई केली, कारण दिवाळी झाली की ती वाडी रिकामी होते. भट्टीवाल्याची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. घरात दाणा नसतो तेव्हा रोख हातात ठेवणारा तोच एक असतो. रोजगार हमीची मजुरी खात्यात येईपर्यंत थांबायला त्यांच्याकडे काही नसतं. चर खणून, माती तुडवून, ठासून झाली. तुडवायचं कसं, पाणी किती मारायचं, हे ती बाईच सांगत होती आणि अभियंतेसाहेब शेजारी उभं राहून ऐकत होते. दिवाळीनंतर त्यातली बहुतेक कुटुंबं भट्टीवर गेलीच. दोन घरं मात्र थांबली, त्यांनी त्या वर्षी उचल घेतलेली नव्हती.

बंधाऱ्यात फेब्रुवारीअखेर पाणी होतं. विहिरीची पातळी एप्रिलपर्यंत राहिली आणि टँकरचा प्रस्ताव आम्ही नेहमीपेक्षा उशिरा पाठवला. पाठवावा लागला, हेही खरं.

ती वही आता ग्रामपंचायतीत आहे. शासनाच्या कुठल्याच नमुन्यात ती बसत नाही, म्हणून मासिक सभेच्या ठरावाला जोडून ठेवली आहे. मोटार जळली की आधी त्या वहीतला नंबर लावतो. कलमं बांधणाऱ्या बाईच्या भरवशावर बचतगटाने रोपवाटिकेची मागणी केली आणि ती रोजगार हमीच्या आराखड्यात घेतली. प्रस्ताव तालुक्याला गेला आहे. मंजुरी जूनच्या आत यायला हवी. कोया पावसाच्या तोंडावर रुजत घालायच्या असतात आणि त्याआधी शेडनेट उभं करायचं आहे. वेल्डिंगवाले दोघे म्हणाले आहेत, सांगाडा आम्ही करतो, फक्त मजुरीचं आधी ठरवा.