अर्धा कोयता

21 डिसेंबर 2024, शनिवार. सकाळची शाळा सुटली की पालक सभा, अशी सूचना मी तीन दिवस आधीच वर्गावर्गात फिरवली होती. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आणि दहावी 'अ'ची वर्गशिक्षिकाही मीच, त्यामुळे सभेची तयारी माझ्याच अंगावर होती. पुढच्या दोन महिन्यांचे कार्यक्रम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून काढले. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, 11 तारखेला स्नेहसंमेलन, दुसऱ्या दिवशी जिजाऊ जयंती, संक्रांतीनंतरच्या शनिवारी माता-पालक मेळावा आणि हळदीकुंकू, मग 26 जानेवारी. आणि सगळ्यात खाली, लाल खडूनं, 21 फेब्रुवारी : दहावीची लेखी परीक्षा. दरवर्षी मार्च उजाडला की सुरू होणारी परीक्षा यंदा आठ-दहा दिवस आधी आली होती. बरोबर दोन महिने उरले होते.

सभेला सदतीस जण आले. आई-वडील म्हणावेत असे त्यात सहा. बाकीचे आजी-आजोबा.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात आहे. बाजरी, तूर, थोडा कापूस, आणि पाऊस चुकला तर तेही नाही. दिवाळी झाली की घरातली कर्ती माणसं कोयता घेऊन ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडायची तर सहा महिने उसाच्या फडावर राहावंच लागतं. यंदा गळीत हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि 20 तारखेला विधानसभेचं मतदान होतं. म्हणून पुष्कळ टोळ्या मतदान करूनच हलल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत आले तेव्हा रस्त्यावर नुसती कुत्री फिरत होती. धाकटी मुलं आईबापांबरोबर जातात, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. पण ती सोय आठवीपर्यंतची. नववी-दहावीची मुलं आजीच्या भरवशावर मागं राहतात, किंवा राहत नाहीत.

हे सगळं मला ठाऊक होतं. तेरा वर्षं मी या शाळेत आहे. तरीही स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेचा मसुदा वाचताना शेवटी नेहमीचं वाक्य म्हटलंच, ''पालकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.''

पुढच्या बाकावरची आजी म्हणाली, ''बाई, ह्ये कुनी यायचं?''

कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. आजीच पुढं बोलली, ''आन् माइकवर बोलनार ती माजी नात तर फडावर गेली की. पाच दिस झाले.''

स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन जिच्याकडे मी दिलं होतं, तिचीच ही आजी. मुलीचं नाव इथं लिहीत नाही. तिचा आवाज खणखणीत आहे. प्रार्थनेला प्रतिज्ञा तीच सांगते आणि मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या पाचवीच्या पोरालाही माइकशिवाय ऐकू जातं. सोमवारपासून ती गैरहजर होती. थंडीतापाची साथ होती, तसंच काही असेल असं मी धरून चालले. हजेरीवर रोज फुली मारत गेले आणि घरी मात्र गेले नाही. ही चूक माझीच.

आजीनं सांगितलं ते असं. आईच्या डाव्या हाताला कोयता लागला, सहा टाके पडले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई बसली की पुरुषाचा अर्धा कोयता उरतो. अर्ध्या कोयत्यावर उचल फिटत नाही, आणि कामावर गेलं नाही तर खाडा लागतो, त्याचे पैसे कापले जातात. म्हणून बापानं पोरीला मोळ्या बांधायला बोलावून घेतलं. ''पंधरा दिसात पाठवतो म्हनला,'' आजी म्हणाली. आणि मग हळू आवाजात, ''पर गेलेल्या पोरी म्हागारी येतात का, तुमीच सांगा.''

मी सांगू शकले असते. मागच्या काही वर्षांत माझ्या वर्गातल्या दोघी अशाच पंधरा दिवसांसाठी गेल्या होत्या. पुढं दोघींच्याही लग्नाच्या पत्रिकाच आल्या.

सभेचा विषय तिथंच बदलला. तो कुणी ठरवून बदलला नाही. पालक-शिक्षक संघात एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते उठले, फोन काढला आणि टोळीच्या मुकादमाला लावला. मुकादम आमच्याच गावचा. स्पीकर चालू करून तात्यांनी फोन टेबलावर ठेवला. हेडसर बोलले, मी बोलले, मुलीला पाठवा म्हणालो. तिकडून आवाज आला, ''सर, मी पण तुमच्याच शाळेत नववीपर्यंत होतो. पण कारखान्यानं मला पैसे दिलेत, मी ह्यांना दिलेत. टनेज कमी पडलं की कारखाना माझ्याकडनं वसूल करतो. फोनवर काय बोलू? तुमी या इकडं. समोरासमोर बोलू.''

''मग जाऊ,'' तात्या म्हणाले. ''नेवाशाकडंच हायेत. दोन तासाचा रस्ता.''

गावातल्या काळी-पिवळीवाल्यानं भाडं नको म्हटलं, फक्त डिझेलचे पैसे मागितले. स्नेहसंमेलनाच्या मंडपासाठी वर्गणी गोळा करायची म्हणून टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवला होता. आज्यांनी दहा-दहा, वीस-वीस रुपये त्यात टाकले होते. तेच पैसे घ्या, असं कुणीतरी म्हणालं. एका आजोबांना ते पटलं नाही. वर्गणी ज्या कामाची त्याच कामाला लागावी, हिशेब द्यावा लागतो, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, ''आवो, मंडपाखाली बोलनारी पोरगीच न्हाई तर मंडप कशापायी?'' हेडसरांनी डबा माझ्यापुढं सरकवला आणि इतिवृत्ताच्या वहीत ती रक्कम स्वतःच्या हातानं लिहून सही केली.

तात्या, आजी आणि मी निघालो. शेवगाव मागं पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजू हिरव्या होत गेल्या. मुळेच्या कालव्याचं पाणी या बाजूला आहे. आमच्या डोंगरापासून दीड-दोन तासांवर नजर जाईल तिथपर्यंत ऊस उभा असतो. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते मी दरवर्षी वर्गात शिकवते. त्याच नेवाशाच्या वाटेवर माझ्या वर्गातली मुलगी ऊस तोडत होती आणि मला ते पाच दिवस माहीत नव्हतं.

फडावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. अर्ध्याअधिक शेताची तोडणी झालेली, जमिनीवर गुडघ्याएवढं पाचट आणि कडेला ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या उभ्या. बायकांनी डोक्याला फडकी गुंडाळली होती, अंगावर पुरुषी शर्ट चढवले होते, फक्त डोळे दिसत होते. मी बांधावर उभी राहून एकेकीकडे बघत होते. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. तेवढ्यात कुणीतरी मोळ्या मोजायला लागलं, ''बारा, तेरा, चौदा...'' आणि तो आवाज शेताच्या या टोकाला आला. रोज सकाळी प्रतिज्ञा सांगणारा आवाज.

मी हाक मारली. तिनं डोक्यावरची मोळी खाली टाकली आणि जागीच उभी राहिली. जवळ गेले तेव्हा पहिलं काय दिसलं असेल तर तिचे हात. उसाच्या पानाला करवतीसारखी धार असते. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल रेघा, काही वाळलेल्या, काही ताज्या. बोटांच्या पेरांत काळी माती आणि उसाचा चिकटा बसला होता. ती म्हणाली, ''मॅडम, मी सोमवारी येणारच होते.'' कुठल्या सोमवारी, हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

गाडी भरेपर्यंत बोलायला कुणाला सवड नव्हती. आम्ही तळावर त्यांच्या कोप्यांपाशी, झोपड्यांपाशी, जाऊन बसलो. आई तिथंच होती. हाताला बांधलेली पट्टी मळून गेलेली, आणि तशातही उजव्या हातानं ती भाकरी थापायला बसलेली. सासूनं तिला उठवलं आणि स्वतः पिठाला हात घातला. टाक्यांचे पैसे मुकादमानं भरले होते, ते उचलीत वाढले, असं तिनं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून.

अंधार पडता पडता वडील आले. मला बघून ते ओशाळले आणि मग चिडले. ''मॅडम, मला काय हौस हाये का पोरीला फडात घालायची? तुमी सांगा, मी काय करू?'' मी म्हणाले, ''भाऊ, तिचा अर्ज बोर्डाकडे गेलाय. 75 टक्के हजेरी लागते. जानेवारीत सराव परीक्षा, मग तोंडी. आता एक महिना बुडाला तर तिचं वर्ष जाईल.'' खरं सांगायचं तर मी पाठ केलेलंच बोलत होते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्के वाढला, हे मी पेपरात वाचलं होतं. पण हात चिरलेल्या बाईला दर कितीही वाढला तरी तोडणी कुठून जमणार?

उत्तर मुकादमाकडून आलं. तो इतका वेळ मोटारसायकलला टेकून ऐकत होता. टोळीत एक गडी असा होता की त्याची बायको बाळंतपणासाठी गावीच राहिली होती आणि तो एकटाच तोडत होता. त्याचाही अर्धा कोयताच. मुकादमानं त्याला हाक मारली, दोघांना समोरासमोर उभं केलं आणि म्हणाला, ''टाके निघून हात बरा होईस्तोवर तुमी दोघं मिळून एक कोयता. टनेज निम्मं-निम्मं. वहिनीचा खाडा मी धरत नाही.'' दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या गड्यानं तंबाखू मळता मळता मान हलवली. दीड मिनिटात ठरलं. आदल्या आठवड्यातच हे का सुचलं नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. आदल्या आठवड्यात तिथं विचारणारं कुणी आलंच नव्हतं.

निघताना मी पर्समधून पत्रिकेचा मसुदा काढून वडिलांना दिला. ते सातवी शिकलेले आहेत. मोबाइलच्या उजेडात बोट ठेवून त्यांनी सगळी पत्रिका वाचली. लेकीच्या नावापाशी बोट थांबलं. मग शेवटचं वाक्य वाचून म्हणाले, ''मॅडम, तुमचे समदे कार्यक्रम दिवाळीनंतर का असतात? पोळा ते दसरा आमी घरीच असतो. तवा एकदा बोलवा की. मी शाळेत पाय ठेवला त्याला बारा वर्सं झाली आसतील.''

तेरा वर्षं मी कार्यक्रमांचं वेळापत्रक करते आहे. स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत, मेळावा संक्रांतीला, कारण सगळ्या शाळांत तसंच असतं. आमच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त घरांना त्या दिवसांत कुलूप असतं, ही गोष्ट वेळापत्रक करताना माझ्या मनात कधी आली नाही. पालक येत नाहीत, पालकांना आस्था नाही, असं स्टाफरूममध्ये आम्ही किती वेळा बोललो असू. मीही बोलले आहे. सोमवारी हेडसरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी संक्रांतीच्या मेळाव्यावर तिथल्या तिथं काट मारली आणि वार्षिक नियोजनात तो सप्टेंबरच्या पानावर लिहिला.

परतीच्या वाटेवर आजी जीपमध्ये बसल्या बसल्या झोपली. मुलगी खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, ''मॅडम, निवेदनाचे कागद कुणाला दिले तुम्ही?'' कुणालाच दिले नव्हते. ते माझ्या पर्समध्येच होते. ती मोबाइलच्या उजेडात वाचायला लागली. गाडीच्या धक्क्यांनी ओळी हलत होत्या, तरी वाचत राहिली. तिसगावच्या अलीकडे तिनं एका शब्दावर बोट ठेवलं आणि 'अध्यक्षीय'चा उच्चार तीन-चारदा करून घेतला.

11 जानेवारीला मंडप मागच्या वर्षीपेक्षा लहान घातला. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या शेजारी, आज्यांसाठी सतरंजी टाकली. मुलीच्या आजीला फोनचं फारसं कळत नाही, म्हणून नववीच्या एका मुलाला तिच्याजवळ बसवलं. त्यानं फडावर फोन लावला आणि हात उंच करून धरून ठेवला. तिकडं चित्र दिसण्याइतकी रेंज नव्हती, नुसता आवाज जात होता. आईबापांनी लेकीचं स्वागताचं निवेदन ऐकलं, ईशस्तवन ऐकलं, हेडसरांचं प्रास्ताविकही ऐकलं. अकराव्या मिनिटाला आई म्हणाली, ''गाडी आली भरायला, ठिवते.'' मंचावर ती पुढच्या नाचाचं नाव सांगत होती. मुलाचा हात दुखून आला असणार, पण फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ त्यानं तो तसाच वर धरला होता.