लेक अठरा वर्षांची झाली तेव्हा

लेकीला अठरा पूर्ण झाली आणि बँकेच्या लेखी मी तिची कोणीच राहिले नाही. आजोबांनी तिच्या नावावर एक मुदत ठेव केली होती. मुदत संपली म्हणून गेले, तर काउंटरवरची मुलगी कागद बघून म्हणाली, "काकू, ह्या आता सज्ञान झाल्या. तुमची सही नाही चालणार, ह्यांचीच लागेल." लेक माझ्या शेजारीच उभी होती. तिला डाऊन सिंड्रोम आहे. स्वतःचं नाव लिहिते, पण दर वेळी वेगळं. कधी काना राहतो, कधी शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली उतरतं. तिची सही जुळेना आणि माझी चालेना.

कायद्याने त्या मुलीचं चुकत नव्हतं. आई-बाप नैसर्गिक पालक असतात ते मूल अठराचं होईपर्यंतच. त्यापुढे ते सज्ञान, मग त्याच्या वेण्या अजून आपणच घालत असलो तरी. इतकी वर्षं थेरपी, शाळा, दवाखाने केले, पण ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

एका वकिलांनी कोर्टात अर्ज करू म्हटलं. त्यांची फी ऐकून आमचे हे म्हणाले, "ठेवीत तरी तेवढे आहेत का?"

वाट सापडली ती लेक कामाला जाते त्या दिव्यांगांच्या कार्यशाळेच्या फाटकाबाहेर. चारच्या सुमाराला आम्ही सगळ्या आया तिथे पोरांची वाट बघत उभ्या असतो. कोणाला कुठला दाखला मिळाला, कुठला साहेब नीट बोलतो, कुठे जेवणाच्या सुट्टीनंतर गेलं तर काम होत नाही, सगळी माहिती तिथे मिळते. मी रडगाणं लावलं तेव्हा एक जण म्हणाली, "कोर्टात काहून जाता? कलेक्टर ऑफिसातून होते ना ते!"

ते म्हणजे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं पालकत्व प्रमाणपत्र. हा न्यास म्हणजे केंद्र सरकारची एक संस्था. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, एवढ्यांसाठीच हा कायदा आहे. जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिघं. तिसरी व्यक्ती कायद्यानेच घातली आहे, हे मला फार आवडलं.

त्याआधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. लेकीचं जुनं अठरापर्यंतचंच होतं, त्यामुळे यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज भरून मेडिकलला, आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, तपासणी. मेडिकलच्या गर्दीबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं. पाणी, बिस्किटं आणि आधीच्या सगळ्या तपासण्यांच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिला विचारलं, "दहा रुपये घेऊन दुकानात गेलीस, पाचचा पुडा घेतला, तर किती परत आणशील?" ती म्हणाली, "मी नाही जात, बाबाला पाठवते." बाई हसल्या आणि पुढचा प्रश्न घेतला. यथावकाश कायमचं कार्ड आलं.

मग अर्ज. 'नमुना अ' म्हणतात त्याला. लेकीचे आणि आमचे फोटो, आधार, जन्मदाखला, दिव्यांगत्वाचा दाखला, दोघांची संमती, आणि वर थोरल्या मुलाचं ना-हरकत पत्रही आम्ही जोडलं. हे सगळं जमवणं कटकटीचं असलं तरी अवघड नाही. अडलं वेगळ्याच ठिकाणी.

बजाजनगरच्या मातृसेवा संघाच्या समाजकार्य संस्थेतली एक विद्यार्थिनी तेव्हा आमच्या पालकांच्या बैठकीला यायची. अर्ज तिला दाखवला. तिने विचारलं, "काकू, पालकत्व कशाकशासाठी पाहिजे?" मी म्हटलं, सगळ्यासाठीच. तिने कायद्याचं चौदावं कलम काढून पुढे ठेवलं. समितीने आधी दोन गोष्टी बघायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं कागद घेऊन बसलो. ठेवी आणि बँक, हो. विमा, हो. मोठं ऑपरेशन निघालं तर संमती, हो. यांच्या माघारी मिळणारं निवृत्तिवेतन, हो. मग मुलगा म्हणाला, "आणि कार्यशाळेत तिला महिन्याचे मिळतात ते?" त्या पैशांतून ती बांगड्या आणि आइस्क्रीम घेते आणि हिशोब विचारला की रागावते. ते लिहायचं नाही असं ठरलं. कोणाकडे राहायला जायचं, कोणते कपडे घालायचे, हेही नाही. तिच्यावर जीव आहे म्हणून तिचं सगळंच आपल्या सहीखाली यावं, हे काही मला पटेना. जे लिहिलं ते वेगळ्या कागदावर अर्जाला जोडलं.

सिव्हिल लाइन्समध्ये, कलेक्टर ऑफिसात, बोलावणं आलं तेव्हा ती नवा ड्रेस घालून तयार. समितीने आमच्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलणं केलं. "घरी कोण कोण आहे? कोणाजवळ राहायला आवडेल?" ती म्हणाली, "दादाजवळ. पण स्वयंपाक आईने करायचा." मला तिथेच हसू फुटलं. थोरल्याला बाहेर आल्यावर सांगितलं, तर तो म्हणाला, बरं झालं, माझ्या हातचं तीही खात नाही.

प्रमाणपत्र हातात आल्यावर पुन्हा त्याच बँकेत गेले. यावेळी सोबत एक कागद होता. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे की या समितीचं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला मानायचं. मॅनेजरांनी तो दोनदा वाचला, वर कोणाला तरी फोन केला आणि काम झालं. तुम्ही जाल तेव्हा त्या परिपत्रकाची प्रत फाइलमध्ये असू द्या.

खरा उपयोग मात्र निवृत्तिवेतनात आहे. आमचे हे केंद्राच्या नोकरीतून निवृत्त झाले. स्वतःच्या कमाईवर जगू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या माघारी आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि तिचं नाव आपल्या हयातीतच पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, चढवून घेता येतं. तिथेही याच समितीचं पालकत्व चालतं. ज्यांच्या घरी अशी नोकरी आहे त्यांनी उद्यावर ढकलू नये. आपल्या माघारी हे कागद कोण शोधणार?

न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आधी तपासणी नाही, आणि ओपीडी व थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत निघतो. नूतनीकरणाची तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवा. प्राप्तिकरात जुनी पद्धत निवडली असेल तर दिव्यांग अवलंबितासाठीच्या कलमाखाली (१९६१ च्या कायद्यात ते ८०डीडी) ७५,००० ची, आणि दिव्यांगत्व ऐंशी टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची वजावट आहे. हे आमच्या ऑफिसवाल्या यांनाही फाटकाबाहेरच्या बायकांकडूनच कळलं.

त्या बायकांत एक जण अशी आहे, जिच्या पुतण्याला स्किझोफ्रेनिया आहे. माझं प्रमाणपत्र बघून तीही अर्ज करायला निघाली होती. पण मनोविकार या कायद्यात येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांच्या निर्णयापुरता. घर आणि पैसे यांसाठी तिला न्यायालयाकडेच जावं लागणार. तिला एक गोष्ट सांगता आली: दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्याला नाही. जिल्हा प्राधिकरण न्यायमंदिरात, म्हणजे नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच आहे, आणि १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. ती जाऊन आली, वकील मिळाला, प्रकरण अजून चालू आहे.

शेवटचं, कारण हे सगळेच विसरतात. पालक नेमल्यापासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते. मग दर आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनच्या आत, वर्षाचा हिशोब. लेकीकडे ती ठेव आणि एक बचत खातं, एवढंच आहे. तरी मी पासबुकाची झेरॉक्स जोडून एका पानाचा हिशोब देते आणि आवक शिक्का मारलेली प्रत परत आणते. यंदापासून तो हिशोब थोरला करतो आहे. आमच्यानंतर त्यालाच नव्याने अर्ज करावा लागेल, त्यामुळे कोणता कागद कुठल्या फाइलमध्ये आहे ते त्याला आतापासून माहीत असलेलं बरं.