तुम्ही विचारलंत म्हणून: रिलीजमध्ये -वेरर बंद का?

‘सीआयमध्ये वॉर्निंगला एरर धरता, मग रिलीजच्या टारबॉलमध्ये तोच फ्लॅग बंद का? स्वतःच्या कोडची खात्री नाही का?’ प्रोजेक्टमध्ये नवीन माणूस आला की हे विचारतोच. आजवर तुटक उत्तरं दिली, आता नीट देते. -वेरर म्हणजे कंपायलरची (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाची) प्रत्येक वॉर्निंग एरर धरून बिल्ड थांबवणारा फ्लॅग. सीआय म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप होणारी बिल्ड आणि टेस्ट, आणि टारबॉल म्हणजे रिलीजच्या सोर्स कोडचा गठ्ठा.

कोडची खात्री आहे. पण टारबॉल आज निघतो आणि पुढची कित्येक वर्षं अशा कंपायलरांवर बिल्ड होतो, जे आज जन्मालाही आलेले नाहीत. त्यांच्या वॉर्निंगची हमी मी कशी देऊ?

2017 मध्ये जीसीसी या कंपायलरची 7 वी आवृत्ती आली. स्विचमधला (व्हॅल्यूप्रमाणे फाटे फोडणाऱ्या रचनेतला) एक केस ब्रेकशिवाय पुढच्या केसमध्ये उतरला, तर त्यावर नवी वॉर्निंग सुरू झाली आणि ती -वेक्स्ट्रामध्ये, म्हणजे जास्तीच्या वॉर्निंग चालू करणाऱ्या फ्लॅगमध्ये, घातली गेली. आमच्या लायब्ररीच्या पार्सरमध्ये (इनपुट वाचून त्याचे भाग ओळखणाऱ्या कोडमध्ये) असे केस जाणूनबुजून लिहिलेले होते, प्रत्येकावर कॉमेंटही होती: इथे ब्रेक मुद्दाम नाही. जीसीसी कॉमेंट बघतो, पण ‘फॉल थ्रू’सारखे ठरावीक शब्द असतील तरच मानतो. आमची कॉमेंट माणसांसाठी होती. कोड बरोबर, टेस्ट सगळ्या पास, पण तेव्हा रिलीजमध्येही -वेरर चालू होता, त्यामुळे आधीच बाहेर पडलेली रिलीज नव्या कंपायलरवर बिल्डच होईना. एका डिस्ट्रोचा (लिनक्सच्या तयार संचाचा) फ्रीज, म्हणजे नवे बदल थांबवायची तारीख, तोंडावर होता. आमच्या लायब्ररीवर अवलंबून असलेली पॅकेजंही अडकली. तिथे आमचं पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरने, आमच्यासारख्याच बिनपगारी माणसाने, रात्री बसून पॅच लावून फ्लॅग काढला आणि एवढंच विचारलं: या फ्लॅगने तुमच्या वापरणाऱ्यांचं काय भलं झालं?

मी शिस्तीवर लांबलचक उत्तर पाठवलं. त्यातलं निम्मं मला आजही पटतं. वॉर्निंग साचू दिल्या की कुणी वाचत नाही, आणि त्याच ढिगात व्हॅल्यू न देता वापरलेल्या व्हेरिएबलची खरी वॉर्निंग दडून बसते. म्हणून सीआयमध्ये फ्लॅग आहे, तोही कंपायलरची आवृत्ती पक्की करून. उरलेलं निम्मं, म्हणजे ही शिस्त वापरणाऱ्यावरही लादावी, हे मी सोडलं.

हा आमचाच हट्ट नाही. सप्टेंबर 2021 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या (त्याच्या गाभ्याच्या) सगळ्या बिल्डसाठी -वेरर डीफॉल्ट केला आणि थोड्याच दिवसांत ते डीफॉल्ट फक्त कंपाइल-टेस्टच्या, म्हणजे कोड कंपाइल होतो का एवढंच पाहणाऱ्या, बिल्डपुरतं उरलं. सीमेक या बिल्ड-साधनाच्या 3.24 आवृत्तीने वॉर्निंगला एरर करायची सोय दिली, तेव्हा ती कमांड लाइनवरून बंद करायचा पर्यायही सोबतच दिला.

आणि कृपा करून कॉन्फिगर (बिल्डआधी मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) चालवताना सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपायलरला द्यायच्या फ्लॅगांत, -वेरर घालू नका. त्याच्या छोट्या चाचणी-प्रोग्रामांत वॉर्निंग येतातच. मग अस्तित्वात असलेलं फंक्शन ‘नाही’ ठरतं, आणि बग रिपोर्ट आमच्याकडे येतो.

तरी एक गोष्ट मला अडते. 2024 च्या जीसीसी 14 ने डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरणं थेट एरर केलं. कितीतरी जुने प्रोजेक्ट मोडले, आणि मला ते योग्यच वाटलं. मग कंपायलरने केलेली सक्ती मला चालते आणि प्रोजेक्टने केलेली चालत नाही, हे कसं? कंपायलरने ती मोजक्या, खरोखर घातक गोष्टींपुरती केली, असं मी म्हणते. ‘घातक’ कुणी ठरवायचं, यावर आमच्यातच दोन तट आहेत.

तूर्त रिलीजमध्ये फ्लॅग बंदच राहील. नव्यात नव्या कंपायलरवर चालणारा, पण मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये घेणं) न अडवणारा एक जॉब सीआयमध्ये आहे. त्याचं लॉग नियमित वाचणारं कुणी नाही. तुम्ही वाचणार असाल तर सांगा.