दोन हजारांत किती आवाज कमी होतो?

"आवाज बंद करणारे बड्स घ्यायचेत. दोन-अडीच हजारांपर्यंत. कोणते घेऊ?"

मी डबिंगच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. दिवसभर कानावर हेडफोन असतो, त्यामुळे कानात घालायची कुठलीही वस्तू माझ्या अखत्यारीत येते असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलंय. (एका काकांनी श्रवणयंत्राबद्दलही विचारलं. त्यांना मी कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं.) पण सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो तो वरचाच प्रश्न. तुम्हीही विचारलात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मी आधी उलट विचारते, की नक्की कुठला आवाज नकोसा झालाय? यावर लोक वैतागतात. आवाज म्हणजे आवाज, त्यात कुठला काय! पण जरा खोदलं की तीन वेगळी उत्तरं निघतात. मावशीच्या वरच्या मजल्यावर फरशीचं काम चाललंय आणि ड्रिलने तिचं डोकं उठलंय. पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या भाच्याला अभ्यासिकेतली कुजबुज सहन होत नाही. आणि स्टुडिओतला सहकारी रोज विरारहून येतो, त्याला लोकलच्या घरघरीत पॉडकास्ट ऐकू येत नाही. तिघांचं बजेट सारखंच आहे, पण पैसे वसूल होतील ते विरारवाल्याचे. भाच्याचे अर्धेमुर्धे होतील. मावशीला मी सरळ नको म्हणून सांगितलं.

कारण दोन हजारांतलं नॉइज कॅन्सलेशन घरघर कमी करतं, माणसं कमी करत नाही.

असं का, ते थोडक्यात सांगते. बडच्या बाहेरच्या अंगाला बारीक माइक असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्याची बरोबर उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. एक लहर हवेचा दाब वाढवत असताना दुसरी तो उतरवते, आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. आमच्या धंद्यात हीच गोष्ट डोकेदुखी असते. एका कलाकारासमोर दोन माइक लावले आणि त्यातली एक केबल उलटी जोडलेली निघाली, की दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना आवाजाची सगळी भरदारी गायब होते. खर्ज जातो आणि स, श, च तेवढे टोचत राहतात, पत्र्याच्या डब्यातून बोलावं तसे. बड्समध्ये हा बिघाड मुद्दाम घडवलेला असतो, आणि तिथेही जातो तो जाडच भाग.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. पंख्याची किंवा इंजिनाची घरघर 100 हर्ट्झच्या आसपास धरली, तर तिची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब. उलट 5000 हर्ट्झच्या 'स'ची लहर जेमतेम सात सेंटिमीटरची. लांब लहरीत चिपला किंचित उशीर झाला तरी खपून जातं. आखूड लहरीत तेवढ्याच उशिराने उलटी लहर सुलटी होऊन बसते आणि आवाज घटण्याऐवजी वाढतो. म्हणून साधारण 1000 हर्ट्झच्या वर चिप हा उद्योग सोडून देते आणि तो भाग बडच्या तोंडाशी असलेल्या रबरी टोपणावर ढकलते. मावशीच्या डोक्यावरचं ड्रिल, कुकरची शिट्टी, मिक्सर, हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं, शेजारच्या बाळाचं रडणं, हे सगळं रबराच्या वाट्याला येतं. ढोल-ताशाचं तर बोलूच नका. ढोलाचा आवाज खर्जातला असला तरी तो सलग नसतो, दणके देत येतो, आणि एवढ्या मोठ्या दणक्यांना चिप पुरी पडत नाही. शिवाय तो छातीतूनही घुमतो, तिथे कुठला बड लावणार?

कल्पना म्हणाल तर जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्युगला 1936 साली अमेरिकेत याचं पेटंट मिळालं. 1978 मध्ये बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने जात होते. विमानात दिलेल्या हेडफोनवर घरघरीपुढे संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून गणितं मांडायला घेतली. त्यातून वैमानिकांचा हेडसेट बाजारात यायला 1989 उजाडलं. म्हणजे हेडफोनमध्ये ही विद्या आली तीच विमानाच्या एकसुरी घरघरीसाठी. 2019 च्या अखेरीस ॲपलचे एअरपॉड्स प्रो आले, भारतात 24,900 रुपयांना. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच चिप एवढ्या स्वस्त झाल्या की तीन-चार हजारांच्या डबीवरही एएनसी, म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, ही अक्षरं झळकू लागली. आज ती दीड हजारांच्या डबीवरही दिसतात.

आता त्या डबीच्या खोक्याबद्दल. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण लोक इथेच फसतात.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ईएनसी लिहिलं असेल तर ते एएनसी नव्हे. ईएनसीचा फायदा तुमच्या कानाला नसून फोनवर पलीकडे असलेल्या माणसाला असतो. तुम्ही रिक्षातून बोलताना त्याला रिक्षा कमी ऐकू यावी, यासाठी ती सोय. तुम्हाला रिक्षा जशीच्या तशी ऐकू येते. 'चार माइकचं नॉइज कॅन्सलेशन' असा मजकूर पुष्कळदा ईएनसीबद्दलच असतो. विक्रेता विचारल्यावर "हो हो, नॉइज कॅन्सलेशन आहे" म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. म्हणून "ॲक्टिव्ह आहे का, आणि ॲपमध्ये किंवा बडवर टॅप करून ते बंद-चालू करता येतं का?" असं विचारा. बंद-चालू करता येत नसेल तर ते नाहीच, असं समजून पुढच्या दुकानात जा.

दुसरं म्हणजे डेसिबल. '45 डेसिबलपर्यंत' यातला खरा शब्द आहे 'पर्यंत'. प्रयोगशाळेत एखाद्याच सोयीच्या कंप्रतेला तेवढी घट मिळालेली असते, बाकी सगळीकडे ती बरीच कमी असते. साधारण 10 डेसिबल घटले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, तेव्हा 20 डेसिबल खरोखर घटले तरी मोठी गोष्ट आहे. एकावर 45 आणि दुसऱ्यावर 32 लिहिलंय, म्हणून पहिला चांगला, असं काही नसतं. 32 वाला कानात नीट बसला तर तोच जिंकतो.

तिसरं, बॅटरीचे तास. 'एकूण 50 तास' म्हणजे डबीतलं चार्जिंग धरून, आवाज निम्म्यावर ठेवून आणि बहुधा एएनसी बंद ठेवून. एएनसी चालू असताना एका दमात पाच-सहा तास मिळाले तर तक्रार करू नका.

आता रबर. बडच्या तोंडाशी असलेलं ते सिलिकॉनचं टोपण लहान, मध्यम, मोठं अशा तीन मापांत खोक्यात येतं. बहुतेक जण मधलं लावून येतं तसंच वापरतात, बाकीची दोन प्लॅस्टिकच्या पिशवीतच म्हातारी होतात. एएनसी नसलेला पण घट्ट बसलेला बड, एएनसी असलेल्या सैल बडपेक्षा जास्त शांतता देतो, इतकं हे महत्त्वाचं आहे. फट राहिली तर दोन्हीकडून मार बसतो. बाहेरची घरघर थेट आत येते आणि तिला मारणारी उलटी लहर फटीतून बाहेर निसटते. दोन कानांचं माप सारखं असेलच असंही नाही. माझ्या उजव्या कानाला मधलं लागतं, डाव्याला मोठं. बसलंय की नाही हे कळायला एक सोपी खूण आहे. दोन्ही बड घालून, गाणं न लावता, नेहमीच्या आवाजात दोन वाक्यं बोला. आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा, जड लागला तर माप बरोबर. नेहमीसारखाच ऐकू आला तर मोठं लावून बघा. मग चार दाणे शेंगदाणे खा. चावताना एका बाजूचा खर्ज अचानक उडाला तर ते माप चालणार नाही.

एएनसी तपासतानाही गाणं लावू नका. गाण्याखाली सगळे बड्स हुशार वाटतात. मी पंखा पाचवर ठेवते, त्याच्याखाली बसते आणि ॲपमधून एएनसी बंद-चालू करत राहते. पंख्याचं घोंघावणं बऱ्यापैकी गळलं पाहिजे. मग पंखा बंद करून शांत खोलीत पुन्हा चालू करते. स्वस्त बड्समध्ये इथे बारीक 'सूं' ऐकू येतं. तो त्यांच्या स्वतःच्या माइकचा आणि चिपचा आवाज. प्रवासात तो जाणवत नाही, रात्री वाचताना मात्र छळतो. काहींना एएनसी चालू केल्यावर कानात दडे बसल्यासारखं होतं. तुम्हाला तसं होत असेल तर कितीही महाग घ्या, आधी ते सोसतंय का बघा.

खरी परीक्षा माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरच होते. मी ठाण्याहून घाटकोपरपर्यंत लोकलने आणि तिथून अंधेरीला मेट्रोने जाते. बंद दारांची मेट्रो म्हणजे एएनसीला आंदणच. एसीची आणि चाकांची सलग गुणगुण खाली बसते आणि डबा एकदम मोकळा होतो. मोकळा होतो म्हणजे काय, तर पलीकडच्या दोघींचं नणंदेबद्दलचं बोलणं, जे आधी घरघरीत बुडालेलं असतं, ते आता शब्दन् शब्द कळायला लागतं. 'पुढील स्थानक' तर खणखणीत. भाच्याला अभ्यासिकेत हेच होणार. पंखे आणि एसी गप्प होतील आणि कुजबुज उठून दिसेल. त्याने वर हलकं वाद्यसंगीत किंवा पावसाचा आवाज लावला तरच ती झाकली जाईल, आणि ते घरघर गेल्यामुळे अगदी कमी आवाजावर लावून भागेल. म्हणून त्याचे पैसे अर्धे वसूल.

लोकलची गोष्ट निराळी. आत, खिडकीपासून लांब बसायला मिळालं तर फरक छान कळतो. दारापाशी उभं राहिलात तर वारा थेट बाहेरच्या माइकवर आपटतो, चिपला तोच मोठा आवाज वाटतो आणि ती कानात भर्रर्र असा नवाच गोंधळ सोडते. तिथे एएनसी बंद केलेलं बरं. काही ॲपमध्ये वाऱ्यासाठी वेगळी सोय असते, पण ती लावली की बाहेरचे माइक मंदावतात, म्हणजे एएनसीही निम्मं होतं. विरारवाल्याला एसी लोकल मिळाली तर चैन, साधी मिळाली तर आत शिरण्याचं कसब आलंच पाहिजे.

त्याचे पैसे वसूल होतात म्हटलं ते कानाच्या हिशोबाने. घरघरीवर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो, आणि उतरल्यावर कळतं की किती वाढवला होता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल अशी मर्यादा सांगते. आवाज वाढवला की हे तास भराभर घटतात. घरघर कमी झाली की तोच पॉडकास्ट निम्म्या आवाजावर कळतो. हो, रस्ता ओलांडताना आणि फलाटावर ट्रान्सपरन्सी, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ देणारी सोय, लावा, नाहीतर सरळ एक बड काढून ठेवा.

ध्वनीच्या दर्जाबद्दल आमच्या धंद्यातल्या माणसाने जास्त बोलू नये, ऐकणारे कंटाळतात. एवढंच सांगते की या किमतीत खर्ज फुगवलेला असतो. तबल्याचा डग्गा गायकाच्या अंगावर येतो. ॲपमधल्या इक्वलायझरमध्ये खर्ज दोन घरं खाली ओढला की बरंच निस्तरतं. बोललेलं ऐकायचं असेल तर हे नक्की करा.

किमतीचं म्हणाल तर दीड हजारांच्या आतलं एएनसी बहुतेक नावाला असतं. दोन ते तीन हजारांत कामाचं मिळतं. वनप्लसचे नॉर्ड बड्स, रिअलमीचे बड्स एअर, सीएमएफचे बड्स याच फळीवर असतात आणि दिवाळीच्या सेलमध्ये आणखी उतरतात. यातलं नेमकं मॉडेल मी सांगत नाही, कारण सहा महिन्यांत नवा आकडा लागून येतो आणि माझ्या नावाने खरेदी झालेली असते. तीनपासून आठ हजारांपर्यंत वाढतं ते ॲप, माइक, चकाकी. शांततेत फारसा फरक मला जाणवलेला नाही.

आणि हे दागिने नव्हेत, दोन-तीन वर्षांचा माल आहे. आतली बॅटरी इवलीशी, बदलता न येणारी, आणि बहुधा एक बाजू आधी मान टाकते. एका बडचा आवाज अचानक कमी झाला तर मात्र घाबरू नका, जाळीत मळ बसलेला असतो. रबर काढा, जाळी खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने झाडा. पाणी नको, टाचणी तर अजिबात नको. खोक्यावरचं आयपीएक्स4, म्हणजे पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा, घाम आणि शिंतोड्यांपुरतं असतं, मुंबईचा जुलै नव्हे. डबीला तर बहुधा तेवढंही संरक्षण नसतं.

मावशीला मी औषधाच्या दुकानातून फोमचे बोळे आणून दिले. ते बोटांनी दाबून बारीक करायचे, कानात घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. ड्रिलसाठी दोन हजारांच्या कुठल्याही बडपेक्षा ते बरे, आणि चार्ज करावे लागत नाहीत.

राहिला प्रश्न घेण्याआधी घालून बघण्याचा. दुकानात कुणी घालू देत नाही, आणि ऑनलाइन घेतले तर पुष्कळदा बदलून मिळतात, पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा घरातल्या, ऑफिसातल्या कुणाकडे असतील तर एक दिवस मागून घ्या, रबर तेवढं स्वतःचं लावा. कुणीच नसेल तर माझे न्या. तिन्ही मापं ड्रॉवरमध्ये ठेवलेली आहेत. परत देताना चार्ज करून द्या, भाच्याने मागच्या वेळी रिकामी डबी आणून ठेवली होती.