नेमलेलेच तरणार, तर सुवार्ता कशासाठी?

कोणाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, व्हायचे हे देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच ठरवले असेल, तर सुवार्ता, म्हणजे येशूविषयीचा शुभसंदेश, सांगत फिरण्याचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत होता. गंमत अशी की, देवाच्या या निवडीविषयी इतक्या ठामपणे लिहिणारा येशूचा प्रेषित पौल स्वतः अथक प्रवास करणारा प्रचारक होता. बायबलमधील, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो देवाच्या सार्वभौम निवडीविषयी लिहितो आणि लगेच दहाव्या अध्यायात विचारतो, की ज्याच्याविषयी ऐकलेच नाही त्याच्यावर लोक विश्वास कसा ठेवतील. माझ्या वाचनाप्रमाणे देव केवळ शेवट नेमत नाही, तिथवर नेणारे साधनही नेमतो, आणि ते साधन म्हणजे सुवार्तेची घोषणा. करिंथ या ग्रीक नगरात तर ‘या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत’ असे प्रभूचे आश्वासन मिळूनही पौल स्वस्थ बसला नाही. दीड वर्ष तिथेच शिकवत राहिला.

पूर्वनियुक्तीचा, म्हणजे तारण कोणाचे हे देवाने आधीच नेमल्याचा, सिद्धांत काटेकोरपणे मांडणाऱ्या १६१८-१९ च्या नेदरलँड्समधील डॉर्ट या प्रोटेस्टंट धर्मसभेनेही सुवार्ता भेदभाव न करता सांगावी, असेच म्हटले. पण सगळे देवानेच नेमले असेल, तर सुवार्ता नाकारणाऱ्याची जबाबदारी काय उरते, हा आर्मिनियन पंथीयांचा (पूर्वनियुक्तीचा हा सिद्धांत न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांचा) आक्षेप मात्र मला आजही हलका वाटत नाही. साधनांचा युक्तिवाद त्याला पुरता पुरत नाही. प्रचारकाच्या मनावरचे एक ओझे तेवढे त्याने उतरते: समोरच्याचे मन पालटणे त्याच्या वक्तृत्वावर अवलंबून नसल्यामुळे, दडपण आणण्याचे किंवा आकडे मोजण्याचे त्याला कारण उरत नाही.