ठणकतंय का नुसतंच दिसतंय?

आळंदी झाली, पुणे झालं. हडपसर मागे टाकून वडकी नाल्याला विसाव्याला टेकलो तेव्हा उजवी टाच पेटली होती. सकाळच्या सरीत मोजा भिजला होता. ओली कातडी मऊ पडते नि बुटाच्या कडेला घासत राहते, फोड येतो तो त्यानं. रुपयाएवढा, टम्म. पुढे दिवे घाट, नि पुणे ते सासवड अख्ख्या दिवसाची चाल तीस किलोमीटरच्या वरची.

फोडावा की राहू द्यावा? सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाले, सुईदोरा आरपार ओवून दोरा आतच ठेवा. वारीत हा उपाय सर्रास चालतो, पण त्या दोऱ्यावरूनच रस्त्याची घाण आत शिरते. दुसरे कातडी सोलायला निघाले. ती तर जखमेवरची उत्तम पट्टी!

शेजारच्या दिंडीतल्या आजी तुळस बाजूला ठेवून वाकल्या. "ठणकतंय का नुसतंच दिसतंय, माऊली?"

"टेकलं की ठणकतं."

"मग पाणी काढ. नुसतं दिसत असतं तर हात लावू नगं म्हनले असते."

साबणानं हात धुवायला लावले. दिंडीच्या पेटीतल्या स्पिरिटनं सुई पुसली, फोडाच्या खालच्या कडेला दोन भोकं, कापसानं हलकं दाबून पाणी बाहेर. कातडी जागच्या जागी. वर मलम, गॉज. मग जुन्या लुगड्याची चिंधी पिळून त्यांनी बोटभर चुंबळ वळली नि फोडाभोवती बसवली. बुटाचा भार आता चुंबळीवर. कोरडा मोजा. (मधुमेह असेल किंवा फोडात रक्त दिसत असेल तर सुईच्या वाटेला न जाता थेट फिरता दवाखाना गाठावा.)

"एका साली हट्टानं चालले," गाठ मारता मारता म्हणाल्या, "नि जेजुरीपासनं पंढरीपातुर टरकात. टरकात बसल्याचं न्हाई वाईट वाटत. सासवडलाच एक दिस बसले असते तर पुढं चालले असते, त्याचं वाटतंय."

घाटात ज्ञानोबा-तुकारामाचा गजर टिपेला गेला नि टाच विसरली, असं लिहायला बरं वाटलं असतं. दर वळणाला दुखत होती. त्यात कुणाच्या तरी गाडीवरचा भोंगा कान खात होता. तरी वर पोचून मागे वळलो, तर खालपर्यंत पताकाच पताका. डोळे भरून आले.

सासवडला समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला, तळ चिडीचूप. ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. आमचा टँकर दुपारपासून बेपत्ता. पोरांचे हात टाळांवर गेले. वीणेकरीबुवांनी नुसती मान हलवली. "रस्ता तुंबलाय, यील."

टँकर रात्री उशिरा आला. तोवर बाया रिकामे हंडे घेऊन दुसऱ्यांच्या तंबूंपाशी ताटकळत होत्या. बुवांपुढे कोण बोलणार! पण मला ते पटलं नाही. टाळ वाजायला हवे होते.